कथा कोण ऐकतो?

एका कथेत ओवलेल्या गीतमालेची परीक्षा मी तिच्या आरंभावरून करतो. कथा कोणासाठी गायिली जात आहे, हे तिथेच ठरते.

क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियन या जर्मन पॉवर मेटल वृंदाने १९९८ साली टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’वरून ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ हा ध्वनिसंग्रह काढला. त्यातला गिटारांचा गदारोळ आपल्या कानांना जड जाईल; पण रचना पाहावी. आरंभीच खलनायक मॉर्गोथ हरण्याच्या बेतात आहे, आणि मग त्याला मागचे सारे आठवते.

‘गीतरामायण’ही असेच उत्तरार्धातून सुरू होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांचे पहिले गीत आमच्या कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी गायिले. त्यात कुश-लव रामापुढे रामचरित्र गातात. वर्षभरात गीते छप्पन्न झाली. पंचावन्नावे आहे वनात सोडलेल्या सीतेचे. छप्पन्नाव्यात वाल्मीकी त्या मुलांना गायला धाडतात, आणि आपण पुन्हा आरंभाशी येतो.

मॉर्गोथची कथा त्याच्याच मनात फिरते. रामाला मात्र आपली कथा पोटच्या पोरांच्या तोंडून ऐकावी लागते, आणि तीत सीतेचा सवालही आहे. लोक या गीतांना भक्तिगीते मानतात. मला ती राजापुढे दिलेली साक्ष वाटते. माडगूळकर रामाला दोष देत नाहीत. ते त्याला फक्त श्रोता करतात. म्हणून रसिकांनी पहिले गीत एकदा छप्पन्नाव्यानंतर ऐकावे.