रिव्हिएराची मोहिनी आणि तिचे श्रम : ‘टेंडर इज द नाइट’ व ‘आ प्रोपो द नीस’ यांचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

फ्रान्सच्या आग्नेय किनाऱ्यास ‘कोत दाझ्यूर’, म्हणजे निळाईचा किनारा, हे नाव स्तेफेन लिएजार या लेखकाच्या १८८७ मधील पुस्तकामुळे मिळाले. इंग्रज त्यास रिव्हिएरा म्हणत. १८६४ मध्ये नीस शहरापर्यंत रेल्वे पोहोचली आणि युरोपातील धनिकांचे हिवाळी वास्तव्य येथे वाढत गेले. नीसचा समुद्रालगतचा प्रसिद्ध मार्ग, प्रोमनाद देझांग्ले, याचा उगम मात्र वेगळा आहे. १८२० च्या दशकात तेथील इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढून बेरोजगार गरिबांना या वाटेच्या कामास लावले. दुष्काळी कामाशी नाते सांगणारी ही वाट पुढे ऐश्वर्याचे प्रतीक ठरली. या किनाऱ्याच्या मोहिनीमागे कोणाचे श्रम आहेत, हा प्रश्न दोन समकालीन कलाकृतींनी कसा हाताळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची कादंबरी ‘टेंडर इज द नाइट’ (१९३४) आणि झां व्हिगोचा मूक माहितीपट ‘आ प्रोपो द नीस’ (१९३०) या त्या कलाकृती होत.

कादंबरीतील किनारा

फिट्झजेराल्डच्या कादंबरीचा आरंभ १९२५ च्या उन्हाळ्यात, एका हॉटेलासमोरील लहानशा वाळूपट्टीवर होतो. रोझमेरी ही तरुण अभिनेत्री तेथे येते आणि डिक डायव्हर व त्याची पत्नी निकोल यांच्या वर्तुळाने भारावून जाते. उन्हाळा हा तेव्हा येथील हंगाम नव्हता. जेराल्ड व सारा मर्फी या अमेरिकन दांपत्यासारख्या मोजक्या लोकांनी आंतिबच्या परिसरात तो रुजवला. ही कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली आहे.

रोझमेरीला जे सहज वाटते, ते वस्तुतः डिकने परिश्रमपूर्वक उभे केलेले असते. पाहुण्यांची निवड, संभाषणाचा तोल, प्रत्येकास आपण विशेष आहोत असे वाटावयास लावणे, हे सर्व तो करतो. त्याचा खर्च मात्र निकोलच्या शिकागोतील वडिलोपार्जित संपत्तीतून भागतो. निकोल ही त्याची पूर्वीची मनोरुग्ण असून, तिच्या आजाराचे मूळ पित्याने केलेल्या लैंगिक अत्याचारात आहे. म्हणजेच या झगमगाटाच्या मुळाशी पैसा आणि जखम दोन्ही एकाच घरातून आलेली आहेत.

येथे रचनेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९५१ मध्ये माल्कम कौली यांनी लेखकाच्या टिपणांच्या आधारे कादंबरीची कालानुक्रमे मांडलेली आवृत्ती सिद्ध केली. तीत वाचकास आजार आधी कळतो आणि किनारा नंतर दिसतो. मांडणी सुबोध होते, परंतु वाचकाचे भारावणे हरवते. मूळ क्रमात वाचक आधी फसतो व नंतर सावध होतो. मोहिनीची किंमत कळण्यासाठी ती आधी अनुभवावी लागते. या कारणाने १९३४ चा क्रमच अधिक अर्थपूर्ण मानावा लागेल.

माहितीपटातील शहर

व्हिगोची पद्धत नेमकी उलट आहे. क्षयाच्या विकारामुळे तो नीसमध्ये राहात होता. बोरिस कौफमान या छायाचित्रकाराच्या साहाय्याने त्याने केलेला हा पट सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. त्यात प्रेक्षकास भारावण्याची संधीच मिळत नाही. झाडूवाले रस्ता झाडतात, वेटर टेबले मांडतात, कार्निव्हलचे अजस्र मुखवटे रंगविले जातात, आणि मग खुर्च्यांवर विसावलेले धनिक दिसू लागतात. त्यांच्या शेजारी जुन्या शहरातील अरुंद गल्ल्या आणि वाळत घातलेले कपडे येतात. अखेरीस कारखान्यांची धुराडी व हसणारे कामगार दिसतात. भाष्य नाही, दृश्यांच्या सान्निध्यातूनच अर्थ निष्पन्न होतो.

दोन दंताळी

दोन्ही कृतींच्या आरंभी दंताळे आहे, ही बाब लक्षणीय वाटते. कादंबरीत डिक दंताळ्याने किनाऱ्यावरील खडे बाजूला सारतो. माहितीपटात खेळण्यातील आगगाडीने आलेल्या बाहुल्यांना, म्हणजेच प्रवाशांना, जुगारगृहातील पैसे ओढून घेण्याचे दंताळे ओढून नेते. पहिल्या ठिकाणी किनारा पाहुण्यांसाठी स्वच्छ होतो. दुसऱ्या ठिकाणी पाहुणेच ओढले जातात. डिकचे श्रम हे यजमानाची हौस आहे, व्हिगोच्या झाडूवाल्याचे श्रम ही रोजी आहे.

येथेच दोघांच्या मर्यादाही स्पष्ट होतात. पॅरिसमधील निकोलच्या खरेदीच्या प्रसंगी फिट्झजेराल्ड एका दीर्घ वाक्यमालिकेत तिच्या चैनीसाठी राबणाऱ्यांची गणती करतो. त्यात टोमॅटो डबाबंद करणाऱ्या मुली आहेत, ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांतील मजूर आहेत. रिव्हिएरावरचा कष्टकरी मात्र त्या यादीत नाही. दूरचे शोषण लेखकास दिसते, शेजारचे निसटते. याउलट व्हिगोला शेजारचे श्रम दिसतात. पण त्याचे धनिक व्यंगचित्राच्या पातळीवरच राहतात. लोक या किनाऱ्याकडे का ओढले जातात, याचे उत्तर त्याच्या पटात मिळत नाही.

निष्कर्ष

कादंबरीच्या समीक्षेत रिव्हिएरा ही केवळ पार्श्वभूमी मानली, तर डिकचा ऱ्हास त्याच्या व्यक्तिगत दौर्बल्यापुरता उरतो. किनारा हीच एक श्रमसाध्य व्यवस्था आहे असे मानले, तर तो त्या व्यवस्थेत वापरला जाऊन टाकून दिलेला माणूस ठरतो. अखेरीस त्याच वाळूवर निकोल दुसऱ्या पुरुषासोबत राहते आणि डिक निघून जातो. किनाऱ्याचे काही अडत नाही. २०२१ मध्ये नीस हे हिवाळी विश्रामनगर म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्या वारशात इमारतींसोबत ती वाट बांधणारे हातही मोजले जावेत, अशी दृष्टी या दोन कलाकृती एकत्र वाचल्यावरच प्राप्त होते. मोहिनी नाकारून तिची चिकित्सा होत नाही, आणि श्रम विसरून तिचे वर्णन पूर्ण होत नाही.