कृष्णमृगाचा देश

याज्ञवल्क्यस्मृतीचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. मिथिलेत असलेल्या योगीश्वरास मुनी धर्म विचारतात, आणि तो थोडा वेळ ध्यान करून प्रथम एवढेच सांगतो की, ज्या देशात कृष्णमृग आहे त्या देशातील धर्म ऐका. तेथे राजा कोण, भाषा कोणती, देवालये किती, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. देशाची खूण म्हणून ऋषीने एक जनावर दाखविले. विज्ञानेश्वर या वचनाचा अर्थ करताना तो मृग स्वच्छंद विहार करणारा असावा, असे स्पष्ट करतो. त्याची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) काळातील, आणि ती कल्याणी म्हणजे आमच्या हळ्ळीखेडच्या शेजारचे बसवकल्याण. टीकाकारास उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नसेल. बीदर जिल्ह्याच्या माळावर काळवीट आजही चरतो.

आम्हां वकीलमंडळींस मात्र मिताक्षरा म्हटली की वडिलोपार्जित मिळकत आणि जन्मसिद्ध हक्क एवढेच आठवते. कोलब्रुकसाहेबाने १८१० साली तिच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर छापले, न्यायालयांनी तेवढाच भाग उचलून धरला आणि आचाराध्याय शास्त्रीमंडळींकडे राहिला. वाटणीच्या दाव्यात मृगाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु जी जमीन वाटावयाची ती कोणत्या लक्षणाने वसतियोग्य ठरते, हे ज्या ग्रंथाने आधी सांगितले त्याचे पहिले पान फाडून उरलेला ग्रंथ प्रमाण मानणे, ही टीकापद्धती मला सदोष वाटते.

या वचनाची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. मनूने हेच लक्षण सांगून पलीकडचा देश म्लेच्छांचा ठरविला, आणि माणसांना हीन लेखण्यास पुढे त्याचा उपयोग झाला. मेधातिथीने त्यावर भाष्य करताना भूमी स्वतः दुष्ट नसते. सदाचारी राजाने म्लेच्छदेश जिंकून तेथे वर्णव्यवस्था बसविली तर तोही यज्ञास योग्य होतो, असा खुलासा केला. भाष्यकाराची बुद्धी येथे तीक्ष्ण आहे, पण तिने मृगाच्या हातचे माप काढून राजाच्या हाती दिले. मला तरी तो बदल रुचत नाही. राजाचे माप कसे चालते, हे सोलापूरजवळच्या नान्नजने दाखविले आहे. १९७९ साली माळढोकासाठी तेथे अभयारण्य झाले आणि त्याचे क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर भरले. त्यात गावे आली, पिकाखालच्या जमिनी आल्या. खरेदीविक्री अडली, बांधकामे अडली, आणि ज्याने आपला माळ सोडून काही मागितले नव्हते तो पक्षी लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक मात्र त्या माळावर आता दिसला तर भाग्य.

धर्मशील म्हणविणाऱ्या आम्हां लोकांचे तरी काय? मुंजीत बटूस मृगाजिन हवे, म्हणून जानव्यास कातड्याचा तुकडा बांधण्याची चाल पडली. खंडोबाचा वाघ्या भंडाऱ्यासाठी वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या वस्तूंवर कडक बंधने घातली, तेव्हा धर्मात हात घातल्याची कुरकुर मी स्वतः ऐकली आहे. ज्या स्मृतीला जिवंत, मोकळा मृग हवा होता, तिच्या नावाने आम्ही त्याचे कातडे मागत होतो! गोव्याच्या डोंगराळ भागांत वाघ्रो म्हणून वाघाची पूजा होते, आणि तरीही २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण व तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. त्यांनी गुरे मारली होती. भक्ती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. परंतु दूधदुभत्यावर ज्याचे घर चालते त्याची गाय गेली, तर नैवेद्याने ती भरून येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तेथे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

खरी अडचण या गायीच्या हिशेबात आहे. १९७२ च्या कायद्याने काळविटास पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात, बसविले. ते योग्यच झाले. पण त्याने खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळण्याचा हक्क त्या कायद्यात कोठेही लिहिलेला नाही. सरकारी आदेशाने जी मिळते ती सानुग्रह रक्कम. अनुग्रह आणि हक्क यांतील अंतर वकिलास सांगावे लागत नाही, आणि तुरीचे शेंडे खुडले गेलेल्या शेतकऱ्यासही सांगावे लागत नाही. असा एक पक्षकार परवा माझ्याकडे आला होता. काळविटाविषयी तो रागाने बोलला नाही. "त्यांनी तरी कुठं जावं, साहेब? माळ नांगरला आम्हीच," एवढेच म्हणाला, आणि लगेच, अर्जासोबत कोणकोणते कागद लागतील, हे विचारू लागला.

त्याचा सातबारासारखा उतारा, म्हणजे आमच्याकडची पहाणी, मी उलगडून पाहिली. शेताच्या पूर्वेस सरकारी पडीक. आमच्या दस्तांच्या चतुःसीमेत हा शब्द मी आजवर किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. महसुली दप्तरात ज्या जमिनीत पीक येत नाही ती 'खराब' किंवा 'पडीक', आणि ती कोणाला तरी देऊन टाकण्यास सदैव मोकळी. कळप त्याच बाजूने येतो, असे पक्षकाराने सांगितले. अर्जात मी पूर्वेची सीमा लिहिताना 'पडीक' हा शब्द खोडला आणि 'काळविटांच्या चराईचा माळ' असे लिहिले. कारकुनाने ते परत पाठविले. सीमा दप्तराप्रमाणे लिहावी, असा शेरा होता.