‘परम’ची गोष्ट कशी सांगावी?

वटारच्या एका शाळेत विज्ञानदिनाची भाषणं ऐकण्याचा योग आला. एका मुलीने परम महासंगणकाची गोष्ट छान सांगितली. अमेरिकेने क्रे संगणक नाकारला, डॉ. विजय भटकर आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिद्दीने १९९१ साली परम ८००० बनवला, आणि आपण जिंकलो. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. पण ही गोष्ट अशीच सांगत राहावी का, हा प्रश्न परतीच्या वाटेवर पाठ सोडेना.

गोष्टीत खोटं काही नाही, सुटलेलं मात्र बरंच आहे. एक तर नकार सरसकट नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ दिल्लीला मिळाला. मागितल्यापेक्षा कमी ताकदीचा, आणि अटी घालून. पावसाचं गणित करणारं यंत्र अण्वस्त्रांचंही गणित करू शकतं, ही धास्ती त्यामागे होती. काय द्यायचं, किती आणि कशासाठी, हे देणारा ठरवतो. तंत्रज्ञानातली सत्ता ती हीच.

दुसरं, परम ८००० मधले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. मग आपलं काय? तर अनेक प्रोसेसरांना एकाच कामाला जुंपणारी रचना आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर. वाडीतली फुलं दहा जणांनी वाफे वाटून खुडली, की काम लवकर उरकतं. हवामानाच्या गणितात मात्र नकाशावरच्या एका चौकोनाचं उत्तर शेजारच्या चौकोनांवर अवलंबून असतं. दहाही जणांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं. हे बोलणं जुळवणं फार अवघड. खरं कर्तृत्व तिथे होतं, आणि भाषणात नेमकं तेच नव्हतं.

तिसरं, गोष्ट १९९१ ला थांबते. २०१८ साली पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ महासंगणक आला. तो क्रे कंपनीचाच एक्ससी-४० होता! यामुळे परम लहान ठरत नाही. पण चिप कोण बनवतो, हा प्रश्न मिटलेला नव्हता हे कळतं.

म्हणून भाषण रद्द करू नका. त्या मुलीला तीन प्रश्न द्या: कोणत्या कामासाठी नकार मिळाला? आतले भाग कुणाचे होते? आपण नवं काय केलं? अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ साली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान देणं थांबवलं, त्या गोष्टीलाही हेच प्रश्न लावता येतील. टाळ्या जरा उशिरा पडतील, पण कशासाठी पडल्या ते मुलांना ठाऊक असेल.