मशाल तासभर पुरते

आजचा विषय खेळाचा आहे म्हटल्यावर पुढच्या रांगेत थोडं हसू उमटलं, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांनी सत्तरी ओलांडल्यावर वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बसावं, हे हसण्यासारखं आहेच. हसून घ्या. पण गेली दोन वर्षं लोणावळ्यात आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी दर आठवड्याला हा उद्योग करतो आहोत, आणि एखाद्या ग्रंथाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहायची वेळ आली आहे. म्हणून आज स्तुती नाही, टीका. टीका या शब्दाच्या जुन्या अर्थानं.

खेळ कोणता ते आधी सांगू. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाहेर पडला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका डब्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार. त्याची मुळं युद्धखेळात आहेत. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकात टेबलावर नकाशा मांडून अधिकाऱ्यांना लढाई शिकवत, आणि तिथं निवाडा द्यायला एक पंच बसे. गायगॅक्स-आर्नेसन यांनी काय केलं, तर पलटणीऐवजी प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला आणि त्या माणसाला भुयारात सोडलं. पंच मात्र तसाच ठेवला. इंग्रजीत त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आम्ही पंचच म्हणतो, कारण आपल्या भाषेत क्रिकेटचा पंच आणि गावचा पंच एकाच शब्दात मावतात, आणि या खेळात दोन्ही लागतात.

आमच्या हाती आला तो १९८१ सालचा डबा. आमच्यातल्या एकाच्या मुलानं परदेशातून घर आवरताना पाठवलेल्या सामानात तो निघाला. चौसष्ट पानांचं नियमपुस्तक, एक तयार मोहीम, फासे, आणि एक मेणाचा खडू. फाशांवरचे आकडे दिसत नसत, म्हणून खडू घासून ते भरायचे! एवढ्या साधनांत आम्ही दोन वर्षं काढली. आता बाहेर याच खेळाच्या नव्या आवृत्त्या आहेत, जाडजूड, रंगीत चित्रांच्या. आणि २००६ पासून जुन्या नियमांचं पुनर्मुद्रण, पुनर्लेखन करणारी एक चळवळही तिकडे उभी राहिली आहे. चाळिशी-पन्नाशीतली माणसं लहानपणीच्या खेळाकडे परत जाताहेत. त्यात गतकाळाचं वेड किती आणि विचार किती, हा आमचा प्रश्न होता.

आम्हाला त्यात विचार सापडला, आणि तो नेमका कुठं ते सांगतो. या जुन्या नियमांत सगळ्यात महत्त्वाची वस्तू तलवार नाही, मशाल आहे. भुयारातला काळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. मशाल सहा तुकडे पुरते, म्हणजे एक तास. भिंत चाचपायची? दहा मिनिटं. बंद दाराशी खटपट करायची? आणखी दहा. ओझं जास्त असेल तर पावलं मंदावतात, म्हणजे पुन्हा उजेड जातो. प्रत्येक कुतूहलाला किंमत आहे. ज्ञान फुकट मिळत नाही, हे आम्ही चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो. पण विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर ती काळजी कधी दिसली नाही, जी शेवटची मशाल पेटवताना आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते.

आणि दुसरी गोष्ट. तुमचं पात्र ‘शोधण्यात हुशार’ आहे असा आकडा या नियमांत जवळजवळ नाहीच. सापळा आहे का हे कळायला तुम्ही काय करता ते सांगावं लागतं. काठीनं फरशी ठोकता? पाणी ओतून ते कुठं मुरतं ते पाहता? एकदा आमच्यासमोर एक लेणं होतं, दारावर कोळिष्टक, अखंड. एक जण म्हणाले, “जाळं तुटलेलं नाही, म्हणजे आत कोणी नाही. चला.” दुसऱ्या बाई, आयुष्यभर हिशेब तपासलेल्या, म्हणाल्या, “आत यायला दुसरी वाट असली तर?” झालं! न्यायशास्त्रात ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात तो हाच. जाळं अखंड असणं आणि आत कोणी नसणं यांची व्याप्ती जुळत नाही. हेतू आहे पण साध्य नाही, अशी एक जागा दाखवली की अनुमान कोसळलं. डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखायचं उदाहरण आम्ही इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की त्यातला डोंगरही गेला आणि धूरही. इथं डोंगर होता, आणि चुकलं असतं तर पात्र मेलं असतं.

नव्या आवृत्त्यांत, विशेषतः २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, या जागी कौशल्याचे आकडे आले. वीस बाजूंचा फासा टाका, आकडा मिळवा, पंच सांगतील काय दिसलं ते. सोय झाली. पण पाहणं आणि त्यावरून ठरवणं हे जे मधलं काम होतं, ते कागदावरच्या आकड्यानं गिळलं. आमच्या मते हा ऱ्हास आहे.

तरीही नव्यांच्या बाजूनं एक गोष्ट बोलली पाहिजे. जुना खेळ बोलघेवड्यांचा आहे. आमच्यात एक वकील होते. पंचांना ते असे गुंडाळत की दगडाची भिंत लाकडाची व्हावी. आणि एक गृहस्थ कमी बोलणारे. त्यांचं पात्र त्यांच्याहून धीट असूनही गप्पच राही. आकडा अशा माणसाच्या बाजूनं उभा राहतो, हे खरं. आम्ही त्यावर तोडगा म्हणून एवढंच केलं की पंचांनी आधी कमी बोलणाऱ्याकडे वळायचं. गावच्या पंचालाही हे जमत नसे तेव्हा निवाडे कुठं जात, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता खरी अडचण. त्या डब्यातली तयार मोहीम गायगॅक्स यांनी लिहिलेली आहे: ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. सरहद्दीवर एक गढी, तिच्यात सुसंस्कृत माणसं. जवळच्या दरीत गुहा, तिच्यात वेगवेगळ्या टोळ्या. खेळाडूंनी गढीतून निघायचं, गुहांत शिरायचं, सोनं आणायचं. आणि त्या गुहांच्या वर्णनात टोळ्यांच्या बायका आणि पोरंही मोजून दिलेली आहेत. किती, कोणत्या खोलीत. वाचताना आमचा हात थांबला. ही पोरं लेखकानं तिथं कशासाठी ठेवली? मारण्यासाठी की आपण थबकावं म्हणून? मजकूर काही सांगत नाही.

हा प्रश्न मावळात बसून वाचला की फार जवळ येतो. कारण आपल्याकडे गढीही आहे आणि गुहाही, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. कार्ल्याचा चैत्य भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य. त्याच्या भिंतीवरचे लेख वाचा: धेनुकाकटचा एक गंधविक्रेता, एक सुतार, काही यवन, यांनी कुठे दार दिलं, कुठे खांब दिला. गुहा म्हणजे लुटायची जागा नव्हे, देणगी द्यायची जागा. भाजे, बेडसे तशीच. घाटवाटेनं माल घेऊन चढणारा व्यापारी पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना दान देई आणि पुढे जाई. आणि याच डोंगरांच्या अंगाखांद्यावर महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहत आले. ‘सरहद्दीपलीकडच्या टोळ्या’ हा शब्द आपण कुणाविषयी वापरतो आहोत? त्या मोहिमेच्या नकाशावर लोणावळा ठेवून पाहा. गढीत आपण आहोत असं आपण लगेच धरून चालतो. का?

म्हणजे हा खेळ वसाहतीच्या डोळ्यांचा आहे, टाकून द्या, असं कोणी म्हणेल. आम्ही तसं म्हणत नाही, आणि कारण नियमांतच आहे. त्या चौसष्ट पानांत एक छोटं कोष्टक आहे. गुहेत कोणी समोर आलं की पंचांनी दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवायची. दोन आले तर तत्काळ हल्ला, बारा आले तर उत्साहानं मैत्री. सहा ते आठ आले तर समोरच्याचं काही ठरलेलं नाही. आता गणित करा. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांत तत्काळ हल्ल्याची फक्त एक, आणि अनिश्चिततेच्या सोळा. म्हणजे नियमांप्रमाणे समोरचा माणूस बहुधा तुमच्यासारखाच घाबरलेला, अनिश्चित आहे. तुम्ही काय बोलता यावर पुढचं. शिवाय अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्यावर मिळतात, मारण्यावर फार थोडे. लोभ शिकवणारा नियम आहे हा, त्यात शंका नाही. पण त्याच नियमामुळे लढाई हा सगळ्यात मूर्ख मार्ग ठरतो. मोहीम सांगते ‘शिरा आणि मारा’. नियम सांगतात ‘थांबा, विचारा, शक्य तर चुकवा’. ग्रंथ स्वतःशीच भांडतो आहे, आणि आमच्या मते त्यात नियमांची बाजू शहाणी आहे. चांगला टीकाकार अशा ठिकाणी ग्रंथाच्या शहाण्या भागाच्या आधारे त्याच्या दुसऱ्या भागाला जाब विचारतो. जुन्या खेळात ते टेबलावर बसून करता येतं, एवढंच.

आपली फाशांची परंपरा याहून कडक आहे, हे जाता जाता सांगतो. ऋग्वेदात जुगाऱ्याचं सूक्त आहे, सभापर्वात द्यूत आहे. तिथं पण खरा असतो, राज्य जातं. आणि ज्याचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं त्या मोक्षपटात शिडी आणि साप सगळं फासाच ठरवतो, खेळणाऱ्याला निवड नाही. पण लावायचा नाही आणि निवड मात्र करायची, असा फासा आपल्याकडे कुठं होता, हे आम्ही बरंच शोधलं. एका जागी सापडलं असं वाटलं, तिथं फासा नव्हता. दिवाळीचा किल्ला.

विटा, गोणपाट, चिकणमाती, वर आळीव पेरलेला. गुहेत वाघ, बुरुजावर पहारेकरी, पायथ्याशी दरवाजाएवढी उंच गवळण. आणि मावळे. मावळात बसून आपण मावळे मांडतो, हे किती जणांच्या लक्षात येतं? पण मांडून झालं की संपलं. महाराज सिंहासनावर बसतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत हलत नाहीत. हल्ली तर तयार किल्ले मिळतात, आणि स्पर्धेत गुण कशाला, तर हुबेहूबपणाला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थळांचे बारा किल्ले गेले, त्यात आपला लोहगड आहे. त्या दिवाळीला आम्ही लोहगडाच्या चांगल्या प्रतिकृती पाहिल्या. गणेश दरवाजा, नारायण, हनुमान, महादरवाजा, विंचूकाटा, सगळं जागच्या जागी. विसापूर मात्र एकातही नव्हता.

आता हे बघा. विसापूर लोहगडाहून उंच आहे, मध्ये फक्त गायमुख खिंड. मार्च १८१८ मध्ये प्रॉथरच्या इंग्रज फौजेनं आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड फारसा न लढता गेला. इतका भक्कम गड! लोहगड एकटा बांधणाऱ्या मुलाला हे कधीच कळणार नाही, कारण त्याच्या किल्ल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून या वर्षी आम्ही दोन्ही डोंगर मातीत केले, शेजारी शेजारी, आणि मेणाच्या खडूनं आकडे भरलेले ते फासे बाजूला ठेवले. सोसायटीतली चार मुलं आली. एकाला विसापूर दिला, बाकी लोहगडावर. विसापूर पडल्यावर काय करायचं, हा प्रश्न. तह करायचा? रात्री विंचूकाट्याच्या बाजूनं उतरायचं? एका मुलानं सगळ्या मावळ्यांना लढून मरायला सांगितलं, तेव्हा आमच्यातले ते कमी बोलणारे गृहस्थ पंच होते. त्यांनी दोन फासे टाकले. नियमांत मनोधैर्याची तपासणी आहे. सैनिक हुकूम मिळाला म्हणून मरत नाहीत, तेही माणसंच असतात. मावळे थांबले नाहीत. मुलगा रुसला. पाठ्यपुस्तकातले मावळे असे वागत नाहीत, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागी ते बरोबर आहे. पण शौर्य कधी शौर्य होतं, पळायची वाट खरोखर उघडी असताना की नसताना, यावर तो आणि पंच पाऊण तास भांडले. आम्ही मध्ये पडलो नाही.

सहावीतली एक मुलगी इतका वेळ गप्प होती. तिनं लक्ष्मी कोठीच्या जागी बोटानं एक भोक पाडलं आणि विचारलं, “आजोबा, वर किती दिवसांचं धान्य आहे?” पंचांनी तिला सांगितलं, पुढच्या रविवारी. तेव्हापासून आमच्यातले तिघे जुन्या गडकोठारांचे हिशेब कुठं मिळतील ते धुंडाळताहेत. इथं कुणाला मोडी वाचता येत असेल तर व्याख्यानानंतर जरूर भेटा. प्रश्न विचारायचे असतील तर आता विचारा.