दहा सेंटिमीटरची पेटी आणि तीन मीटरची खोली

आज आपण एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा करू. १९८३ साली न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या ग्रॅहम डी व्हाल डेव्हिस यांनी चौकोनी पेटीतल्या हवेच्या नैसर्गिक अभिसरणाचं उत्तर प्रसिद्ध केलं. एक भिंत गरम, समोरची थंड, वरखाली उष्णतारोधक. पंखा नाही, गरम हवा हलकी होते आणि वर चढते, एवढंच. सीएफडी शिकताना पुष्कळ जण आधी हीच पेटी सोडवतात. रेले अंक १० लाख असताना नुसेल्ट अंक ८.८ आला, की जीव भांड्यात पडतो.

निबंधाचं मोठेपण आधी मान्य करू. ते एका जाळीवरच्या उत्तरावर थांबले नाहीत. जाळी बारीक करत गेले, उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहिलं. आज दाखवल्या जाणाऱ्या रंगीत चित्रांमागे ही शिस्त नेहमी असतेच असं नाही.

मग तक्रार कशाबद्दल? निबंधाबद्दल नाही, त्याच्या वापराबद्दल. हिशोब करून बघा. भिंतींच्या तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर हवेचा रेले अंक १० लाख होतो तो साधारण १० सेंटिमीटरच्या पेटीत. तोच फरक ३ मीटरच्या खोलीत ठेवा. रेले अंक लांबीच्या घनाने वाढतो, म्हणजे तो जातो अडीच हजार कोटींच्या घरात. पेटीतला प्रवाह संथ आणि स्थिर, खोलीतला खळबळीचा. पेटीत पास झालेलं गणित खोलीत पास होईलच असं नाही.

दुसरं, पेटी बंद आहे. खोलीला झरोके असतात. १० अंशांनी गरम असलेल्या ३ मीटर हवेला वर ढकलणारा दाब जेमतेम १ पास्कल. त्याच उंचीच्या हवेच्या वजनाचा दाब मात्र ३५ पास्कल. आता समीकरणात गुरुत्व पूर्ण ठेवलं आणि वरच्या-खालच्या झरोक्यावर एकच दाब लिहिला, तर हे ३५ पास्कल कोण पेलणार? हवा खाली कोसळते, आणि संगणक बिनतक्रार सुंदर बाण काढून देतो! म्हणून संदर्भ घनता बाहेरच्या हवेची घ्यायची आणि तिच्या वजनाचा दाब आधीच वजा करायचा. बंद पेटीत भिंती सगळं पेलतात, त्यामुळे ही चूक तिथे उघडी पडत नाही.

तिसरं, बूसिनेस्कचं गृहीतक: घनतेतला बदल फक्त उत्प्लावनाच्या पदात धरायचा, बाकी सगळीकडे ती स्थिर. १० अंशांना घनता ३ टक्क्यांच्या आसपास बदलते, तिथे हे चालतं. धुराड्यात शेकडो अंशांचा फरक असतो, तिथे चालत नाही.

अशा चित्रांवरून वर्गखोल्यांचे झरोके ठरतात, आणि उन्हाळ्यात मुलं त्या वर्गात बसतात. म्हणून चित्र दाखवणाऱ्याला आपण विचारलंच पाहिजे: रेले अंक किती? संदर्भ घनता कुठली? आणि जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर किती हललं?