सुट्टी मागणारा नायक

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आमच्या घरी सर्वांनी मिळून एक जुना अमेरिकन बोलपट पाहिला. फराळाची ताटे पुढे होती, मुले अंगणात फुलबाज्या लावून दमून आत आली होती, आणि ‘काहीतरी हसण्यासारखे लावा’ अशी वहिनींची फर्माईश होती. मी लावला तो जॉर्ज क्यूकरने दिग्दर्शित केलेला १९३८ सालचा ‘हॉलिडे’. कॅरी ग्रांट आणि कॅथरीन हेपबर्न यांची जोडी, श्रीमंताघरच्या लग्नाचा घोळ, खटकेबाज संवाद. सणाच्या संध्याकाळी आणखी काय हवे? सगळे पोटभर हसले. पण चित्र संपले मात्र, आणि आमचे दादा एकदम उसळून म्हणाले, ‘पोट भरलेल्यांचे चोचले आहेत हे! चालून आलेली नोकरी हा नाकारतो, आणि आपण त्याला टाळ्या द्यायच्या?’ दादांनी सदतीस वर्षे एकाच कचेरीत मान खाली घालून काम केलेले. त्यांची मुलगी पुण्याच्या एका संगणक कंपनीत रात्रीचा दिवस करते. ती हळूच म्हणाली, ‘बाबा, खरे सांगू का? मला त्याचा हेवा वाटला.’

एकाच खोलीत बसून बापलेकींनी दोन निराळी चित्रे पाहिली होती. मला मौज वाटली ती ही की, हा वाद काही आमच्या घरात जन्माला आलेला नव्हे. ‘हॉलिडे’ची कथा जन्मली त्या दिवसापासून तो चालू आहे, आणि माझ्या मते त्या वादातच या चित्राची खरी परीक्षा आहे.

कथा थोडक्यात अशी. जॉनी केस हा बाल्टिमोरच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. दहाव्या वर्षापासून तो राबतो आहे. स्वतःच्या बळावर हार्वर्डला शिकला आहे आणि न्यूयॉर्कच्या पैशाच्या बाजारात वर चढू लागला आहे. लेक प्लॅसिड येथे सुट्टीत त्याची ज्यूलिया सीटनशी गाठ पडते, लग्न ठरते, आणि मग तिच्या घरी गेल्यावर त्याला कळते की सासरा कोट्यधीश आहे! सासऱ्याची ना नाही. उलट त्याला जॉनीला आपल्या पेढीत घ्यावयाचे आहे. पण जॉनीचा बेत वेगळाच. गाठीशी थोडा पैसा जमला की काम थांबवायचे, आपण कशासाठी राबतो आहोत हे शोधायला जगात हिंडायचे, आणि उत्तर सापडले की परत येऊन कामाला लागायचे. म्हातारपणी मिळणारी सुट्टी त्याला तरुणपणीच हवी आहे. ज्यूलियाला हे खूळ वाटते. तिच्या वडिलांना तर यात अमेरिकन माणसाला न शोभणारे काहीतरी दिसते. समजते ते एकट्या लिंडाला, ज्यूलियाच्या बहिणीला.

आता ही कथा कोणकोणत्या प्रेक्षकांपुढे आली ते पाहावे. फिलिप बॅरीचे मूळ नाटक १९२८च्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर आले. त्या वेळी शेअरबाजार नुसता उधाणला होता. पैसा सगळीकडेच वाहत असताना ‘मला आता पुरे’ म्हणणारा नायक म्हणजे एक चटकदार गंमत होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२९मध्ये, बाजार कोसळला. १९३० साली ॲन हार्डिंगला लिंडाच्या भूमिकेत घेऊन पहिला बोलपट निघाला. त्यानंतर आठ वर्षांनी क्यूकरचे चित्र आले, तेव्हा मंदीने पुन्हा उचल खाल्ली होती आणि अमेरिकेत काम करू इच्छिणाऱ्या पाच माणसांतला जवळजवळ एक बेकार होता. समीक्षकांनी चित्राची वाखाणणी केली, पण तिकीटबारीवर ते अपेक्षेप्रमाणे चालले नाही. त्यात मे १९३८मध्ये चित्रगृहमालकांच्या एका संघटनेने ज्या नटनट्यांना तिकीटबारीचे विष ठरवले, त्यांत हेपबर्नचेही नाव होते. दैवाचा खेळ असा की, १९२८च्या नाटकात होप विल्यम्सची बदली नटी म्हणून हीच हेपबर्न पडद्याआड ताटकळत राहिली होती, आणि हॉलिवूडमधल्या पहिल्या चाचणीसाठी तिने प्रवेश निवडला होता तोही याच नाटकातला. दहा वर्षे जपलेली भूमिका अखेर हाती आली, ती अशा वेळी!

चित्र न चालण्याचे कारण सर्रास सांगितले जाते ते असे: ज्याला नोकरी नाही, तो नोकरी नाकारणाऱ्या नायकावर कसा लोभ करणार? आमच्या दादांचेच म्हणणे ते. मला ते निम्मे पटते, सगळे पटत नाही. कारण पैसा नाकारणारा नायक अमेरिकन प्रेक्षकाला मुळीच वर्ज्य नव्हता. १९३४चे फ्रँक काप्राचे ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आठवावे. (आपल्याकडे १९५६ साली राज कपूर–नर्गिस यांच्या ‘चोरी चोरी’ने तीच कथा घरोघर पोचवली.) तिथेही नायक कोट्यधीश बापासमोर उभा असतो. पळालेल्या मुलीचा पत्ता देणाऱ्याला दहा हजार डॉलर्सचे बक्षीस आहे. हा बहाद्दर ते मागत नाही. मागतो फक्त प्रवासात झालेला ३९ डॉलर ६० सेंटचा खर्च. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि त्या चित्राने ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिके पटकावली.

मग एकाला टाळ्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला उपेक्षा, हे का? माझे उत्तर असे. क्लार्क गेबलचा तो वार्ताहर पैसा सोडतो, पण हिशेब सोडत नाही. ३९ डॉलर ६० सेंट! हा आकडा वाणसामानाच्या वहीतला आहे. गरिबाचा स्वाभिमान त्यात आहे. प्रत्येक गृहिणीला तो कळतो. जॉनी मात्र हिशेबच बाजूला सारून विचारतो, ‘किती मिळवले म्हणजे पुरे?’ हा प्रश्न पैसे नसलेल्याला डिवचतो, कारण त्याच्यापाशी सुट्टीखेरीज दुसरे काही उरलेलेच नसते. आणि पैसेवाल्याला तो घाबरवतो, कारण त्याचे उत्तर त्याने कधी शोधलेलेच नसते.

तरी या प्रश्नाला पोरखेळ म्हणून मी झटकून टाकू शकत नाही, आणि त्याचे कारण जॉनी नाही, लिंडाही नाही. ते आहे लिंडाचा भाऊ नेड. ल्यू एअर्सने ही भूमिका अशी काही केली आहे की हसता हसता घास अडकावा. नेडला संगीतकार व्हायचे होते. बापाने त्याला पेढीतल्या टेबलाशी बांधला. आता तो सकाळी पेढीवर जातो आणि उरलेला वेळ पेल्यात बुडवतो. लग्न ठरल्याचा थाटाचा समारंभ खाली दिवाणखान्यात चालू आहे, आणि वर, आईच्या आठवणींची आणि जुन्या खेळण्यांची जी एकच उबदार खोली त्या राजवाड्यात उरली आहे, तिथे लिंडा त्याला विचारते की पिऊन नेमके वाटते तरी कसे. तो शांतपणे सांगत जातो. त्या उत्तराला हसावे की रडावे ते कळत नाही. ‘पुरे’ न म्हणणाऱ्या घराने काय किंमत मोजली, ते भाषणावाचून तिथे समजते. पोट भरलेल्याचे चोचले म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा एकदा पाहावा, अशी माझी विनंती आहे.

मात्र दादांच्या रागात एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. चित्र अखेरीस अवघड जागा चुकवून जाते. लग्न मोडल्यावर ज्यूलिया कबूल करते की तिला सुटल्यासारखेच वाटले. म्हणजे तिचे प्रेम नव्हतेच! झाले, जॉनी मोकळा, लिंडा मोकळी, प्रेक्षकाचेही मन निर्मळ. पण समजा, ज्यूलियाचे त्याच्यावर खरोखर प्रेम असते, आणि तरीही तिला स्थिर घर हवे असते तर? जगातल्या बहुतेक ज्यूलिया अशाच असतात. उद्याची काळजी करणे म्हणजे लोभ नव्हे. दोन माणसांच्या संसारात एकाची सुट्टी ही दुसऱ्याची चिंता असते, हे ‘हॉलिडे’ सांगत नाही, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काम केले त्या प्रेक्षकाला नेमके तेच खटकते. त्याला नायकाचा राग येतो. खरे तर तो लेखकाचा यायला हवा.

पण याच चित्राने आपल्याविरुद्धचा पुरावाही लपवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. काळजी दाटून आली की जॉनी कोलांटी उडी मारतो आणि ताठ उभा राहतो. (ग्रांट लहानपणी कसरतपटूंच्या मेळ्यात होता; त्यामुळे हे सोंग वाटत नाही.) शेवटी बोटीवर लिंडा येते, तेव्हाची उडी मात्र पायांवर उतरत नाही, तो जमिनीवर आपटतो, आणि त्याच अवस्थेत सुखान्त होतो. पुढचे पाऊल नीट पडेल याची हमी दिग्दर्शकाने दिलेली नाही. आणि मागे त्या घरात नेड राहिलेलाच आहे. त्याला नेण्यासाठी परत येईन, असे लिंडा सांगून गेली आहे. ती आली का, हे आपल्याला कधीच कळत नाही.

मी स्वतः हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा पदवी घेऊन वर्षभर घरी बसलो होतो. जॉनीचा मला दादांपेक्षाही जास्त संताप आला होता. निवृत्तीनंतर पाहिले, तेव्हा डोळे भरून आले. चित्रातली एक चौकट बदलली नव्हती. तेव्हा प्रेक्षकाने ‘हॉलिडे’ला दिलेला कौल हा चित्राइतकाच त्याच्या स्वतःच्या ताळेबंदाचा असतो, असे मी समजतो.

त्या रात्री वाद मिटला नाही. ताटे उचलताना दादा पुन्हा पुटपुटले, ‘नोकरी सोडायची म्हणजे काय खेळ आहे?’ मुलगी काही बोलली नाही. मग दारातल्या पणतीत तेल घालता घालता त्यांनीच तिला विचारले, ‘अगं, तुझी रजा किती शिल्लक आहे?’

चित्राला याहून मोठी दाद मिळालेली मी पाहिलेली नाही.