यंत्राला नर्तकी दिसते का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की नर्तकीच्या हालचालीला संगणक तत्क्षणी प्रकाशाने उत्तर देत असेल, तर त्याला संवाद म्हणायचं की नाही? प्रश्न हवेत राहू नये म्हणून आज एकच रचना घेतो. मेलबर्नच्या ‘चंकी मूव्ह’ या नृत्यसंस्थेची ‘ग्लो’, २००६ सालची. नृत्यरचना गिडियन ओबरझानेक यांची, संगणकप्रणाली जर्मनीच्या फ्रीडर वाइस यांची. मी ती चित्रफितीवरच पाहिली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

रंगमंच म्हणजे जमिनीवरचा पांढरा चौकोन. त्यावर एकटी नर्तकी, बरेचदा आडवी, सरपटणारी. प्रेक्षक उंचावर बसून खाली बघतात. वरून कॅमेरा तिला टिपतो, संगणक तिच्या देहाची बाह्यरेषा शोधतो आणि प्रोजेक्टर तिच्याभोवती रेषा, जाळी, सावल्या टाकतो.

ओबरझानेक यांचं म्हणणं असं, की आधी तयार केलेल्या फितीबरोबर नाचायचं तर नर्तकाला तिच्या वेळेबरहुकूम चालावं लागतं; इथे यंत्र नर्तकीच्या मागे येतं. ही सुटका खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण सुटका झाली म्हणजे संवाद झाला का?

आता एक तांत्रिक बाब. सगळी मेख तिथेच आहे. हा कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहतो. कारण सोपं आहे. साधा कॅमेरा लावला असता, तर प्रोजेक्टरने टाकलेली रेषाही त्याने देहातच धरली असती आणि सगळा घोटाळा झाला असता. म्हणजे बघा, यंत्राला नर्तकी दिसते, पण स्वतः काढलेलं चित्र दिसत नाही. आणि नर्तकी तर त्या चित्राच्या आतच लोळते आहे. वरून दिसणारा आकार तिलाही पुरता दिसत नाही.

कथ्थकला साथ करणारा तबलजी तिचे घुंगरू ऐकतो आणि आपला ठेकाही ऐकतो. सम साधली की दोघांना कळतं, हुकली तरी दोघांना कळतं. ‘ग्लो’मध्ये हुकलेलं कुणाला कळणार? त्या चौकोनातून उद्या नुसती चादर ओढत नेली, तरी रेषा तितक्याच तत्परतेने उमटतील.

मग रचना फसली का? मुळीच नाही. काळ्या सावल्या तिच्या देहापासून सुटतात, मागे रेंगाळतात, पुन्हा तिच्याकडे सरकतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सावल्यांना तिच्याबद्दल काहीच वाटत नाही, हे ठाऊक असूनही आला. देह आणि प्रकाश एकत्र पाहणारा तिथे एकटा प्रेक्षकच आहे, म्हणून भीतीही त्यालाच वाटते.

‘यंत्राने मला ओळखलं’ असं आपण हल्ली सहज म्हणतो. त्याने आपली बाह्यरेषा टिपलेली असते. ओळखायला आणखी पुष्कळ काही लागतं.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं, की संवाद आहे, पण तो आपला आणि नर्तकीचा. यंत्र मधला दिवा धरून उभं आहे. पटत नसेल तर आता बोलू या.